वॉशिंग मशिन रिपेअरवाले दादा : पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते वाचा

फ्रंट लोड मशिन आहे, पाणी बाहेरच जाईना, कपडे तसेच पाण्यात. आधी एक जण येऊन गेला, त्याने पाच मिनिटं पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला बोर्ड (मशिन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेलाय, नवीन टाकावा लागेल. मला जरा शंका आली म्हणून चर्चमधल्या एका काकूंनी ज्यांचा नंबर दिला त्या दादांना बोलावलं.

तर ह्यांनी आधी मला विचारलं की मशिन आवाज कसा करते, कधीपासून, मग खाली उजवीकडचं ते छोटं झाकण उघडलं, ताट आणि जुनं फडकं मागून घेतलं, पाणी हळूहळू काढलं आणि फिल्टर फिरवून बाहेर. आत काय, तर एक नाणं, केसाची पिन आणि बोटभर जाडीचा लिंट, म्हणजे कपड्यांच्या धाग्यांचा कचरा! पंप मीटर लावून चेक केला, चांगला आहे म्हणाले, बोर्डाला काही झालेलं नाही. खरं सांगायचं तर बोर्ड बदलला असता तरी मला काय कळणार होतं, मी पैसे देऊन मोकळी झाले असते.

मागचं पॅनल उघडल्यावर कळलं की आधीच्याने दोन स्क्रू लावलेच नव्हते. मागची बाजू भिंतीला, कोण बघतंय. दादांनी आपल्या डबीतून त्याच मापाचे शोधून लावले, मशिन हलत होतं म्हणून पायांखाली लेव्हल लावून ते सरळ केलं, आणि मग निघून न जाता पूर्ण स्पिन होईपर्यंत तिथेच बसून राहिले. बेअरिंगचा थोडा आवाज येतोय पण आत्ता बदलू नका, चालेल तोवर चालू दे, असं स्वतःहून सांगितलं. बायबलमध्ये कलस्सैकर 3:22 ला 'तोंडदेखल्या चाकरी'बद्दल, म्हणजे कोणी बघत असेल तेवढंच काम नीट करण्याबद्दल आहे ना, ते मी किती वेळा वाचलंय, पण ते मशिनच्या मागच्या स्क्रूपर्यंत जातं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. येशूचा संदेश सांगत फिरणारा पौल तंबू शिवायचा हे आपण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये वाचतो आणि पुढे जातो, पण त्याच्या तंबूत पाणी गळत असतं तर त्याचं कोणी ऐकलं असतं का, मला तरी वाटत नाही.

आता लाज वाटणारा भाग. आमची वॉरंटी चार दिवसांपूर्वी संपली होती (माझाच आळस, मशिन बिघडून आठवडा झाला होता). मी सहज म्हटलं, दादा बिलावर मागच्या आठवड्याची तारीख टाका ना, तसं बिघडलं तेव्हाच होतं, म्हणजे अगदी खोटंही नाही. ते पेन हातात धरून थांबले, हसले आणि म्हणाले, "ताई, मी आज आलोय, आजचीच टाकतो." बस. ना वचन ऐकवलं, ना चेहरा वाकडा केला. उलट मीच ओशाळले, कारण मी संडे स्कूलला शिकवते आणि दोनच आठवड्यांपूर्वी मुलांना जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट सांगितली होती, येशूला भेटल्यावर कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करीन म्हणाला ती. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, 25व्या अध्यायात, पिशवीत दोन वजनं ठेवू नका म्हटलंय, एक मोठं एक लहान. माझ्या पिशवीत दोन तारखा होत्या इतकंच. आणि गंमत म्हणजे गाडीला माशाचं, म्हणजे ख्रिस्ती खुणेचं, स्टिकर लावून ग्राहकाला फसवणाऱ्यांवर सगळ्यात जास्त मीच बोलते.

क्लेम अर्थातच मिळाला नाही. केलाच नाही.

अर्धा स्टार कापला कारण फोन लवकर उचलत नाहीत, मेसेज दुसऱ्या दिवशी बघतात, आणि मला तीन दिवस वाट बघावी लागली. पण येण्याची जी वेळ दिली होती त्याच्या आधी अर्धा तास फोन करून सांगितलं की आधीचं काम लांबलंय, उशीर होईल, आणि जेवढा सांगितला तेवढाच झाला. घाई असेल तर दुसरं कोणी बघा. बेअरिंग आवाज करतंच आहे, ते बदलायची वेळ आली की मी ह्यांनाच बोलावणार, फक्त रविवारी फोन लावू नका, बंद असतो.