नागपूरच्या बाजारातली जवळा-बोंबील पावडर: प्रथिनं किती, मीठ-वाळू किती

नागपूरच्या मंगळवारी किंवा बुधवारी या बाजारांत सुक्या मासळीच्या ढिगाशेजारी जवळ्याची (म्हणजे अगदी बारीक कोळंबीची), बोंबलाची, कधी दोन्ही मिसळलेली पावडर सुटी विकायला असते. ‘प्रोटीन भरपूर’ म्हणून ती खपते, आणि त्यात खोटं काही नाही. नीट वाळलेल्या जवळ्यात निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचंच असतं. बी-१२ असतं, आणि कवचासकट दळल्यामुळे कॅल्शियमही. फक्त हा हिशेब १०० ग्रॅमचा. भाजीत पडतो एक मोठा चमचा, म्हणजे ५-६ ग्रॅम. त्यातून मिळतात ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, अर्ध्या अंड्याइतकी. शिवाय प्रयोगशाळेत प्रथिनं नायट्रोजनवरून मोजतात आणि कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. ते फारसं पचत नाही, पण आकड्यात धरलं जातं.

खरी अडचण मीठ-वाळूची. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडवावर, टांगून वाळवतात, बहुधा बिनमिठाचे. त्याची पावडर खारट लागली तर मीठ वरून घातलंय असंच समजा. जवळा मात्र बहुतेक जमिनीवर पसरून वाळवतात. अख्ख्या जवळ्यातली वाळू चाळून काढता येते, पावडरीत ती सोबतच दळली जाते. तपासायचं असेल तर काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन चमचाभर पावडर ढवळा, पाच मिनिटांनी वरचं पाणी हळूच ओता आणि तळाचा गाळ बोटांनी चोळा. कचकच लागली की वाळू. पाणी लालभडक झालं तर रंग घातलाय; जवळ्याचा स्वतःचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही.

सीलबंद पाकीट घेताना १४ आकडी परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघाच, पण आधी सोडियम बघा. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅममध्ये ६००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १५ ग्रॅम मीठ. दोन चमच्यांत दीड ग्रॅम गेलं, आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमची. बीपीवाल्यांनी असं पाकीट परत ठेवावं.

ओमेगा-३ साठी तर ही पावडर घेऊच नका. दळल्यावर प्रत्येक कणाला हवा लागते, त्यात आपला मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा. ती चरबीच सगळ्यात आधी खवट होते. पिवळट-तपकिरी छटा आणि जुन्या तेलासारखा वास ही त्याची खूण. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर मासळी सडलेली आहे. बांगड्याच्या पावडरीत जास्त जपा: त्यात तयार झालेलं हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) भाजून, शिजवूनही जात नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. सुटी पावडर नको, अख्खा जवळा घ्या. मुठीत दाबून सोडल्यावर तो मोकळा झाला पाहिजे, गोळा झाला तर ओल आहे. घरी चाळा, निवडा, मंद आचेवर ४-५ मिनिटं कोरडा भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग मिक्सरमध्ये फिरवा. गरम असतानाच दळला तर वाफ धरून गुठळ्या होतात आणि बुरशी येते. एका वेळी १०० ग्रॅमच करा, काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी चिमूटभरही खाऊ नये. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारून.