हैजच्या (मासिक पाळीच्या) मसाईलचा, म्हणजे धार्मिक नियमांचा, ऑनलाइन क्लास केला, त्याबद्दल

लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे सगळं आत्ता कुठे नीट शिकले म्हणून लिहितेय. चार रविवारचा क्लास होता, फक्त बायकांसाठी, कॅमेरा बंद, प्रश्न नाव न टाकता पाठवायचे. शिकवणाऱ्या आलिमा (दीन शिकलेल्या) बाजी कुठेच अडखळल्या नाहीत, आणि लाजण्याबद्दल पहिल्यांदाच सांगून टाकलं की अन्सारच्या (मदिन्यातल्या मुसलमानांच्या) बायकांची नबी सल्ल. यांच्या पत्नी हजरत आयशा रजि. यांनी तारीफ केलीय, दीन समजून घेताना त्यांना लाज आडवी आली नाही म्हणून.

पहिला क्लास सगळ्यात भारी. कुरआनची सूरह बकरा, आयत 222, हैजमध्ये बायकांपासून दूर राहा. आता दूर म्हणजे किती? मदिन्यातले यहुदी पाळीतल्या बाईसोबत जेवत पण नसत, घरात एकत्र राहत नसत, म्हणून सहाबांनी (नबींच्या साथीदारांनी) विचारलं, तेव्हा ही आयत उतरली आणि नबी सल्ल. म्हणाले की हमबिस्तरी (शरीरसंबंध) सोडून सगळं करा. सहीह मुस्लिममधली हदीस आहे. आयशा रजि. हैजमध्ये असताना नबी सल्ल. त्यांच्या मांडीला टेकून कुरआन पढायचे, ग्लासाला त्यांनी जिथे तोंड लावलं तिथेच तोंड लावून प्यायचे. मी हे ऐकून रडले खरंच, कारण पाळी आली की मी सहा वर्षं वेगळ्या खोलीत झोपत होते आणि समजत होते की हाच शरीयतचा हुकूम आहे. जवळ झोपणं, मिठी मारणं सगळं जायज आहे, फक्त नाफ (बेंबी) ते गुडघा मध्ये कपडा हवा, हे हनफी आणि शाफई ह्या दोन्ही मसलकांत (फिकहच्या पंथांत).

गुस्लचा, म्हणजे पाळीनंतरच्या अंघोळीचा, दिवस पण छान झाला. हनफीत दहा दिवस पूर्ण होऊन खून थांबला तर गुस्लआधीही नवऱ्याजवळ जाणं जायज, पण गुस्ल करूनच बरं. दहाच्या आधी पण आदतीप्रमाणे (नेहमीच्या दिवसांप्रमाणे) थांबला तर गुस्ल करा नाहीतर एका नमाजची वेळ निघून जाऊ दे. आणि आदतीच्याही आधी थांबला तर गुस्ल करून नमाज सुरू करायची पण हमबिस्तरी आदतीचे दिवस भरेपर्यंत नाही, हे तर मला अजिबात माहीत नव्हतं!

आता तक्रार. मी शाफई, आणि नोट्स सगळ्या हनफी. कॉपर टी बसवल्यापासून माझं कधी कधी बारा दिवस चालतं, आदत सातची. हनफी हिशोबाने दहाच्या पुढे गेलं की सातनंतरचं सगळं इस्तिहाजा (हैज नसलेला रक्तस्राव), म्हणजे आठ, नऊ, दहाच्या सुटलेल्या नमाजा पण कजा करायच्या, नंतर भरून काढायच्या. शाफईत पंधरा दिवसांपर्यंत सगळं हैजच, त्यात नमाज माफ, म्हणून कजा काही नाही. केवढा फरक पडतो, नमाजला पण आणि नवराबायकोला पण, कारण इस्तिहाजात हमबिस्तरी जायज आणि हैजमध्ये हराम! मी दोनदा प्रश्न पाठवला तेव्हा बाजींनी वेगळा फोन करून समजावलं, त्याबद्दल अल्लाह त्यांना जजा देवो, पण हे क्लासमध्येच यायला हवं होतं. गुस्लनंतरच जवळ यायचं हाही शाफईचा पक्का मसला, तो फक्त जाता जाता सांगितला. इस्तिहाजा तर शेवटच्या अर्ध्या तासात उरकला, हजरत फातिमा बिंत अबी हुबैश यांची हदीस, की हा रगेचा (शिरेचा) खून आहे, हैज नाही, एवढं सांगून संपलं. जिचे दिवस पुढे मागे होतात तिला सगळ्यात जास्त गरज ह्याचीच असते ना.

पुरुषांसाठी असा क्लास नाहीये. मी नोट्स नवऱ्याला वाचायला दिल्या, तो पहिलं हेच म्हणाला की मग तू त्या खोलीत का झोपायचीस.

पाचपैकी चार स्टार. शाफई बहिणींनी नाव नोंदवतानाच सांगा की आमचा हिशोब पंधरा दिवसांचा आहे, आणि आपल्या मागच्या पाच सहा महिन्यांच्या तारखा लिहून जवळ ठेवा, पहिल्याच क्लासला आदत किती दिवसांची ते विचारतात आणि तेव्हा निम्म्या जणींना सांगता येत नव्हतं.