पडणार कोणाचा मल्ल? टोरंटोच्या ‘फॉरबिडन डोअर’चे परीक्षण

टोरंटोच्या स्कॉशियाबँक अरिनात रविवारी, २५ जून २०२३ रोजी रात्री आठ वाजता ‘फॉरबिडन डोअर’ या व्यावसायिक कुस्तीच्या मेळाव्याचा मुख्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात सोमवारची पहाट साडेपाचच्या ठोक्याला होती. पाऊस त्या वर्षी उशिरा आला होता आणि बांधीत धानाचे पऱ्हे (रोपे) टाकण्याची घाई होती, तरीही पुतण्याच्या आग्रहाखातर मी पैसे भरून हा कार्यक्रम मोबाइलवर घेतला. आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाच्या तिकिटापेक्षा तो बराच महाग पडला. त्या दिवशी मधल्या दोन लढती वीज गेल्यामुळे आणि प्रक्षेपण अडखळल्यामुळे हातच्या गेल्या. नंतर संपूर्ण कार्यक्रमाचे चित्रमुद्रण दोनदा शांतपणे पाहिले, आणि हे परीक्षण त्या पाहण्यावर आधारलेले आहे.

अमेरिकेची ‘ऑल एलीट रेसलिंग’ आणि जपानची ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ या दोन कंपन्यांनी मिळून केलेला हा दुसरा कार्यक्रम. पहिला २६ जून २०२२ रोजी शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्ये झाला होता. न्यू जपान ही अँटोनियो इनोकी यांनी १९७२ साली स्थापन केलेली जुनी पेढी, तर ऑल एलीट २०१९ सालची. या नव्या कंपनीचा पायाच मुळी केनी ओमेगा आणि यंग बक्स बंधूंसारख्या, न्यू जपान सोडून आलेल्या मल्लांवर उभा राहिला, त्यामुळे सुरुवातीच्या काळात दोन्ही घरांत बोलणे जवळजवळ बंद होते. कार्यक्रमाच्या नावातले ‘निषिद्ध दार’ ते हेच. 

आमच्याकडच्या वाचकाला यातली गोम समजण्यासाठी झाडीपट्टीच्या नाटकांचे गाव असलेल्या वडशाकडे पाहणे पुरेसे आहे. दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या एकाच गावात, एकाच रात्री, समोरासमोर पडदे बांधतात आणि एकमेकींचा प्रेक्षक ओढतात. अशा दोन कंपन्यांनी एकच नाटक मिळून करायचे ठरवले, तर संहितेपूर्वी भांडण होईल ते वेगळ्याच गोष्टींवर: नायक कोणाचा, जाहिरातीत मोठे नाव कोणाचे आणि तिसऱ्या अंकात मरणारा कोणाचा. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, हे आता कोणापासून लपलेले नाही. आमचे मोठे काका तरुणपणी नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत उतरत असत, त्यांनी ही गोष्ट ऐकून पुतण्याला एकच प्रश्न विचारला, “ठरलंच हाये, तं मंग पडनारा किती घेत असन?” संपूर्ण कार्यक्रम पाहण्याची याहून चांगली किल्ली मला अद्याप सापडलेली नाही. आखाड्यात दोन मल्ल खेळतात. मात्र खरी झोंबी असते ती दोन पेढ्यांची, आणि कोणी आपला माणूस कोणत्या अटीवर पडू दिला यावर तिचा निकाल लागतो.

पहिल्याच लढतीत ही अट दिसते. ऑल एलीटचा विजेता एमजेएफ याच्यासमोर न्यू जपानचा हिरोशी तानाहाशी, म्हणजे ज्याने पडत्या काळात ती कंपनी सावरली असा मान ज्याला दिला जातो तो मल्ल, उभा होता. तानाहाशी जिंकणार नव्हता, हे उघड होते. परंतु एमजेएफने बोटातल्या अंगठीचा ठोसा मारून, पंचाच्या नजरेआड ही कुस्ती जिंकली. पाठ लागली ती लबाडीने, म्हणून पडणाऱ्याची अब्रू शाबूत राहिली आणि जिंकणाऱ्याचा खलपणाही वाढला. पडण्याची किंमत अशी वळती करून घेणे हा या धंद्यातला जुना हिशेब आहे, आणि येथे तो नेटका केलेला आहे.

याउलट, न्यू जपानच्या सर्वोच्च पट्ट्याची, म्हणजे विजेतेपदाची, लढत हा या कार्यक्रमाचा सर्वांत दुबळा भाग म्हणावा लागतो. विजेता सानाडा याने जॅक पेरी याला हरवून पट्टा राखला. कागदावर पाहुण्या कंपनीचा विजय झाला. पण लढत संपताच पेरीने आपलाच मित्र हुक याच्यावर हात टाकला, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती ही फितुरी. पाहुण्याच्या सर्वांत मोठ्या पट्ट्याची लढत यजमानाच्या घरगुती कथानकाची प्रस्तावना होऊन बसली. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला ताट मांडून द्यावे आणि मग घरच्यांनी आपापसातला वाद त्याच्या पुढ्यात काढावा, तसा हा प्रकार होता. तेत्सुया नाइतो यालाही तीन विरुद्ध तीनच्या लढतीत स्टिंग आणि डार्बी ॲलिन यांचा जोडीदार म्हणून बसवून टाकले. हाच नाइतो पुढे ४ जानेवारी २०२४ रोजी टोकियो डोममध्ये सानाडाला हरवून न्यू जपानचा विजेता झाला. म्हणजे त्या कंपनीचे चालू आणि येते असे दोन्ही विजेते टोरंटोत हजर होते, आणि दोघांच्याही वाट्याला भरतीचे काम आले.

या पाहुण्यांची ओळख करून देण्याची तसदीही कोणी फारशी घेतली नाही. आमच्या ओसरीवर बसलेल्या पोरांना अमेरिकी मल्लांची नावे तोंडपाठ होती. काझुचिका ओकाडा कोण, हे मात्र मला सांगावे लागले. त्याचे टोपणनाव ‘रेनमेकर’, म्हणजे पाऊस पाडणारा, असे आहे हे सांगितल्यावर एका शेजाऱ्याने मोबाइलच्या पडद्याला हात जोडले. (तो पैशांचा पाऊस पाडतो, हे मी मुद्दाम नंतर सांगितले.)

सी.एम. पंक आणि सातोशी कोजिमा यांची लढत, दहा जणांची सांघिक लढत आणि टोनी स्टॉर्मची महिला गटातली लढत ठीकठाक होत्या, एवढेच त्यांच्याविषयी लिहिता येईल. चौघांच्या लढतीत कात्सुयोरी शिबाता आणि झॅक सेबर ज्युनियर हे दोघे एकमेकांच्या हातापायांचे पेच सोडवू लागतात, तेव्हा मात्र आमच्याकडच्या जुन्या मल्लांनाही मान डोलवावी लागते. काकांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला.

परंतु ज्यासाठी पैसे भरावेत अशा लढती दोनच आहेत, आणि कार्यक्रमाच्या शेवटच्या टप्प्यातच त्या येतात.

केनी ओमेगा आणि विल ऑस्प्रे यांची याआधीची एकास एक गाठ ४ जानेवारी २०२३ रोजी टोकियो डोममध्ये पडली होती. तेथे ओमेगाने ऑस्प्रेकडून न्यू जपानचा अमेरिकी पट्टा घेतला. टोरंटोत फासा उलटा पडला. ओमेगा कॅनडाचा, म्हणजे घरच्या मातीतला, आणि त्याला त्याच्याच लोकांसमोर पाडायचे होते. सुमारे चाळीस मिनिटे चाललेल्या या लढतीत डॉन कॅलिस या व्यवस्थापकाने ऑस्प्रेला स्क्रू-ड्रायव्हर पुरवण्याचा जो उद्योग केला, तो मला अनावश्यक वाटला. एवढ्या ताकदीच्या जोडीला बाहेरच्या माणसाची गरज नव्हती. मात्र ऑस्प्रेने ओमेगाला उचलून मानेवर आपटले तो क्षण पाहताना ओसरीवर कोणी बोलले नाही. ठरलेला निकाल आणि न ठरवता येणारी जोखीम यांच्यामधले अंतर तेथे विलक्षण कमी होते. परदेशातल्या एका नामवंत समीक्षकाने पाच ताऱ्यांच्या मापात या लढतीला सहा तारे दिले आहेत. मापाच्या बाहेर गेलेले धान्य कसे मोजायचे, हे त्यांचे त्यांना ठाऊक, पण मापच मोडावेसे का वाटले हे मला समजते.

शेवटची लढत ब्रायन डॅनियलसन आणि ओकाडा यांची. कथानक जवळजवळ नाही, पट्टा पणाला नाही, बाहेरच्याची ढवळाढवळ नाही. अमेरिकेचा सर्वांत तरबेज मल्ल आणि जपानचा सर्वांत मोठा मल्ल यांची सरळ जोड लावलेली. या लढतीत डॅनियलसनच्या हाताचे हाड खरोखरच मोडले, आणि अखेरची सुमारे दहा मिनिटे तो त्याच हाताने खेळला. हे कळल्यानंतर दुसऱ्यांदा पाहताना त्याने बदललेल्या पकडी स्पष्ट दिसतात. शेवटी ओकाडाने पेचात अडकून हार मान्य केली. पाठ टेकली नाही, लबाडी झाली नाही, त्याने स्वतःच्या हाताने रिंगणावर थाप दिली. सगळ्या रात्रीत कोणत्याही पेढीने दिलेली ही सर्वांत मोठी किंमत होती, कारण तानाहाशीला मिळालेली पळवाट येथे ओकाडाला ठेवलेली नव्हती.

न्यू जपानला त्या बदल्यात काय मिळाले, हा काकांचा प्रश्न पुढच्या वर्षात अधिकच टोकदार झाला. ऑस्प्रे आणि ओकाडा हे दोघेही २०२४ साली ऑल एलीटमध्ये दाखल झाले. न्यू जपानचाच जे व्हाइट हा मल्ल त्याआधीच, २०२३ साली गेला होता. दार उघडले ते ये-जा करण्यासाठी, असे सांगितले गेले होते, परंतु मोठी माणसे एकाच दिशेने गेली. त्यामुळे २०२४ साली न्यू यॉर्क राज्यातल्या एल्मॉन्ट येथे आणि २०२५ साली लंडनमध्ये झालेल्या पुढच्या कार्यक्रमांत, ऑस्प्रे आणि ओकाडा ज्या घराचे पाहुणे होते त्याच घराचे सदस्य झालेले होते, आणि टोरंटोच्या या दोन लढतींत जी दोन घरांमधली ओढाताण जाणवते ती तेवढ्या प्रमाणात पुन्हा मिळणे अवघड झाले. 

ज्यांना हा कार्यक्रम चित्रमुद्रित स्वरूपात मिळेल आणि ज्यांच्याकडे चार तासांची सवड नसेल, त्यांनी तानाहाशीची लढत, चौघांची लढत आणि शेवटच्या दोन मोठ्या लढती एवढ्या पाहाव्यात. डॅनियलसन आणि ओकाडा यांची लढत शक्यतो टीव्हीच्या पडद्यावर लावावी, कारण मोबाइलवर त्या मोडलेल्या हाताकडे आमचे लक्ष पहिल्या वेळी गेलेच नव्हते. सानाडाची लढत पुढे सरकवली तरी चालते.