सांधे उघडे ठेवलेलं घर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या टेबलाच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी आहे. हवा दमट झाली की मधल्या फळ्या त्या पट्टीच्या पुढे जरा डोकावतात, आणि कोरड्या दिवसांत तितक्याच आत सरकतात. पहिल्यांदा ती कड बोटाला लागली तेव्हा मी घाबरून सुतारकाकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, लाकूड हलतंय. त्याला हलता यावं म्हणूनच तसं बांधलंय." मग त्यांनी समजावून सांगितलं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. पट्टी सरसानं पूर्ण चिकटवली असती तर एखादी फळी फुटली असती. म्हणून मधली खुंटी तेवढी घट्ट आहे आणि बाजूच्या खुंट्यांची भोकं लांबट ठेवली आहेत. घरातली एखादी वस्तू कशी उभी आहे हे मला त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीच्या विचारानं आम्ही बैठकीची खोली आणि तिला लागून असलेला वाचायचा कोपरा नव्यानं केला. आता अकरा महिने झाले. सुरुवातीच्या उत्साहात लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. वस्तू जुन्या व्हायला लागल्या की मगच खरं काय ते दिसतं.

चळवळीबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. यंत्रांनी किती नक्षी काढता येते, हे तिथं जगानं पाहिलं. ती नक्षी बऱ्याच जणांना पोकळ वाटली. कलासमीक्षक जॉन रस्किननं त्या सुमारास मांडलं की कारागिराच्या हातची ओबडधोबड रेघ हा दोष नव्हे, ती त्याच्या स्वातंत्र्याची खूण आहे. नक्षीकार आणि कवी विल्यम मॉरिसनं हा विचार घरात आणला. वास्तुकार फिलिप वेबनं १८५९-६० मध्ये त्याच्यासाठी रेड हाउस बांधलं. ते सजवताना मित्रमंडळींनीच हात लावला आणि त्यातून १८६१ साली त्यांची घरसजावटीची कंपनी उभी राहिली. उपयोगाची किंवा मनापासून सुंदर वाटणारी वस्तूच घरात ठेवावी, हा मॉरिसचा १८८० च्या एका भाषणातला आग्रह आज सगळीकडे छापलेला दिसतो. मला मात्र या मंडळींची दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: वस्तू कशी बनली ते लपवायचं नाही. सांधा दिसू द्यायचा, लाकूड लाकडासारखं आणि चुना चुन्यासारखा दिसू द्यायचा.

ही गोष्ट मला नीट पटली ती आम्ही घेतलेल्या तयार पुस्तकांच्या कपाटामुळे. कपाटाच्या दोन्ही बाजूंना फळीची कूस, म्हणजे खाचेत घुसणारं तिचं निमुळतं टोक, आरपार बाहेर आलेली दिसत होती, वर छोटी पाचरही होती. अमेरिकेत गुस्ताव स्टिकलीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकप्रिय केलेल्या फर्निचरची तीच ओळख. कूस बाजूच्या फळीतल्या खाचेतून आरपार जाते, पलीकडे दिसते, आणि तिच्यावरच फळीचा भार असतो. चौथ्या महिन्यात एक जाड शब्दकोश काढताना तो त्या कुशीला लागला आणि कूस टपकन खाली पडली. ती नुसती टोपी होती. मागे सरसाचा ठिपका आणि दाबलेल्या भुश्शाचा बोर्ड. आत फळ्या चार बारीक धातूच्या पिनांवर टेकलेल्या, आणि मधली फळी एव्हाना पुस्तकांच्या वजनानं वाकलीही होती. विकणाऱ्यानं ते हस्तकलेच्या परंपरेतलं म्हणूनच विकलं होतं. मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा यासाठी की, ज्या खुणेवर विश्वास ठेवावा तीच खूण चिकटवलेली निघाली. तेव्हापासून दुकानात गेले की मी खण पूर्ण बाहेर काढते आणि मागच्या बाजूचा सांधा बघते, टेबलाखाली वाकून फळी चौकटीला कशी धरली आहे ते बघते. बाहेर आलेल्या कुशीवर लाकडाच्या आडव्या कापाचे कण दिसायला हवेत. तिथे लांब सरळ रेषा दिसल्या तर ती टोपीच समजायची.

टेबलाला आम्ही जवसाचं तेल दिलं आहे. पहिला हात मी स्वतः दिला आणि फार जाड दिला. आठ दिवस टेबल चिकट राहिलं, त्यावर ठेवलेल्या वहीचं पान त्याला चिकटून फाटलं. कच्चं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. म्हणून अगदी पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्यायचं आणि पुढच्या हातासाठी थांबायचं. इथे एक धोका आहे. तेलात भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर त्यातली उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. फडकं उघड्यावर पसरून पूर्ण वाळवायचं, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवायचं. तेलाच्या डब्यावर हे बारीक अक्षरात असतं, ते मोठ्या अक्षरात हवं.

अकरा महिन्यांत टेबलावर पाण्याच्या ग्लासाची वर्तुळं पडली, पेनाचा ओरखडा आला, एका कोपऱ्यावर काहीतरी जड आपटलं. वर्तुळं बारीक पॉलिशकागदानं रेषेच्या दिशेनं घासली, तेलाचं बोट फिरवलं, गेली. दबलेल्या कोपऱ्यावर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, दाबलेले तंतू फुगून बरेचसे वर आले. आमच्या आधीच्या लॅमिनेटच्या टेबलाचा कोपरा असाच उडाला होता; त्यावर काही करता आलं नाही आणि पाच वर्षं रोज तो तुटका कोपरा बघावा लागला. हे टेबल मात्र आता पहिल्यापेक्षा गडद आणि ऊबदार दिसतं.

लाकडाचा रंग गडद करावा का, यावर घरात चर्चा झाली. स्टिकलीचा ओकचा तो प्रसिद्ध तपकिरी रंग अमोनियाच्या वाफेत लाकूड कोंडून आणलेला असे. वाफ लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग पावते आणि रंग आतपर्यंत जातो. तीव्र अमोनिया घरात वापरायची गोष्ट नाही. आम्ही लाकूड जसं आहे तसं ठेवलं.

पडद्यांचा अनुभव सांगायला मला जास्त जागा लागेल. ठशांनी छापलेलं, वनस्पतीच्या रंगांचं कापड घेतलं. नीळ, मंजिष्ठेचा लाल आणि वनस्पतीचाच पिवळा. हिरवी पानं म्हणजे निळ्यावर पिवळा हात. सातव्या महिन्यात पडदा उन्हाच्या बाजूनं उलगडला आणि माझा जीव खाली गेला. उन्हाकडच्या घडीतली पानं निळी झाली होती, आतल्या घडीतली अजून हिरवी होती. मधे सरळ रेघ. वनस्पतीचे बहुतेक पिवळे रंग उजेडात टिकत नाहीत, नीळ टिकते. म्हणून हिरव्यातला पिवळा उडून जातो आणि निळं पान मागे राहतं. युरोपातल्या जुन्या विणलेल्या भिंतपडद्यांवरची झाडं निळसर दिसतात त्याचं कारणही हेच. मी ती झाडं चित्रांत पाहिली होती आणि विणणाऱ्यांना निळी झाडं आवडत असावीत असं समजून बसले होते.

मॉरिसला या रंगांचं वेड होतं. १८५६ नंतर कृत्रिम रंग बाजारात आले. त्याला ते भडक वाटत, शिवाय त्यातले अनेक लवकर विटत. त्यानं १८७५ पासून लीक गावच्या थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत स्वतः हात निळीत बुडवून प्रयोग केले. १८८१ मध्ये मर्टन ॲबी इथे स्वतःचा कारखाना उघडला. तिथे कापड आधी पूर्ण निळं करायचं, मग ठशानं विरंजक, म्हणजे रंग उडवणारं रसायन, लावून हवी तिथली नीळ काढायची आणि त्या मोकळ्या जागी लाल आणि पिवळा भरायचा, अशी लांबलचक पद्धत चाले. स्ट्रॉबेरी थीफ हे त्याचं १८८३ चं गाजलेलं नक्षीकाम असंच छापलेलं. हे वाचल्यावर माझ्या पडद्यावर लाल ठसा निळ्यापासून केसभर सरकलेला आहे ते मी रोज कौतुकानं बघते. कुणीतरी उभं राहून तो ठसा ठेवला, वरून ठोकला, आणि पुढची जागा डोळ्यांनी जुळवली.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: थेट उन्हाच्या खिडकीला असे पडदे लावायचे तर मागून अस्तर हवंच. आम्ही ते उशिरा लावलं. पहिली धुलाई वेगळी आणि सौम्य साबणानं करा. नीळ सुरुवातीला घासून निघते, आमची एक पांढरी उशी कायमची निळसर झाली. उन्हाच्या तोंडावर पिवळा आणि हिरवा नकोच, निळा आणि लाल घ्या.

तीन भिंतींना चुना दिला. त्यातल्या दोन उत्तम झाल्या. तिसऱ्या भिंतीवर जुना प्लास्टिक रंग होता, तो नुसता घासून वर चुना मारला. दोन महिन्यांत पापुद्रे सुटले. चुन्याला धरायला गिलाव्याची भोकं लागतात, प्लास्टिक रंगानं ती बुजलेली असतात. शेवटी तो रंग खरवडून गिलाव्यापर्यंत जावं लागलं, आणि ते काम आधीच्या दोन भिंतींपेक्षा जास्त दिवस चाललं. बरोबर पद्धत अशी: भिंत आधी ओलसर करायची, चुना दुधाइतका पातळ ठेवायचा आणि चार-पाच हात द्यायचे. ओला असताना तो काहीच झाकत नाही असं वाटतं, धीर सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पांढरी झालेली असते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो, म्हणून हे सावकाश घडतं. काम करताना डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, ओला चुना फार दाहक असतो. पांढऱ्या भिंतीवर डाग पडला की वरून एक हात दिला तर मिसळून जातो. पिवळी माती घातलेल्या भिंतीवर तसं होत नाही, ठिगळ दिसतं. सकाळचा तिरपा उजेड या भिंतींवर पडतो तेव्हा ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो, आणि मी काम सोडून बघत बसते.

चौथ्या भिंतीला मॉरिसच्या १८८७ च्या विलोच्या पानांचा वॉलपेपर आहे. त्याच्या काळात हे कागद लाकडी ठशांनी हातानं छापत. तसा कागद आमच्या आवाक्याबाहेरचा होता, आमचा यंत्रावरचा आहे. खरं सांगायचं तर कागद म्हणून तो सुरेख आहे, पण ठशाच्या कापडाशेजारी तो सपाट वाटतो. रंग कागदावर बसलेला जाणवत नाही. चारही भिंतींना लावला असता तर पानांच्या गर्दीत गुदमरायला झालं असतं.

बसायला दोन खुर्च्या घेतल्या, मॉरिसच्या कंपनीनं विकलेल्या ससेक्स खुर्चीच्या धर्तीच्या: बारीक खरादी पाय आणि लव्हाळ्याची विणलेली बैठक. एका हातानं उचलता येतात. लव्हाळा कोरड्या दिवसांत करकरतो, तेव्हा खालच्या बाजूनं पाण्याचा हलका फवारा द्यायचा. बैठकीवर उभं राहायचं नाही. बल्ब बदलताना आम्ही ते केलं आणि एक पेड तुटला. दिवसभर काम करायला ही खुर्ची नाही, पाठ दुखते. बाकी सगळ्याला ती मला घरातली सर्वात आवडती वस्तू आहे.

यंत्राबद्दल लोक हमखास विचारतात. आमच्या सुतारकाकांनी फळ्या यंत्रावरच कापल्या आणि सपाट केल्या. सांधे आणि शेवटचा रंधा हाताचा. स्टिकलीच्या कारखान्यातही यंत्रं होतीच. मला यात फसवणूक वाटत नाही, कारण निर्णय हाताचा राहिला. सगळंच हातानं करायचा हट्ट धरला तर वस्तू मोजक्या श्रीमंतांपुरती उरते. मॉरिसला आयुष्यभर हेच खुपलं. चांगली वस्तू सगळ्यांची असावी असं म्हणणाऱ्या माणसाचा माल धनिकांच्या दिवाणखान्यांत जात राहिला. याच चळवळीतल्या सी. आर. ॲशबी या वास्तुकारानं १८८८ मध्ये कारागिरांचं गिल्ड, म्हणजे संघ, काढलं, १९०२ मध्ये ते लंडनहून चिपिंग कॅम्पडन या लहान गावी नेलं, आणि काही वर्षांतच त्याला गाशा गुंडाळावा लागला. हा प्रश्न माझ्या एका खोलीत सुटणार नाही. पण पूर्ण संच एकदम घेण्याऐवजी एक खरी वस्तू घ्यायची आणि पुढचीसाठी थांबायचं, एवढं मला जमतं. त्या खोट्या कपाटाऐवजी मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

नव्या कपाटाच्या फळ्या गेल्या आठवड्यात आल्या. शक्य तितक्या खोडाच्या मध्यापासून बाहेर अशा दिशेनं कापलेल्या निवडल्या, त्या साध्या कापाच्या फळीपेक्षा रुंदीत बऱ्याच कमी हलतात. खोलीच्या कोपऱ्यात त्या एकावर एक रचल्या आहेत, मधे हवा खेळावी म्हणून बारीक पट्ट्या घालून. काकांनी बजावलं आहे की त्या या खोलीच्या हवेला सरावेपर्यंत करवत लावायची नाही. पुस्तकं तोवर जमिनीवर आहेत.