लकवा ‘हमखास’ बरा करणारे आणि पहिले नव्वद दिवस

स्ट्रोकमुळे लकवा झालेल्या रुग्णाला घरी सोडायची तारीख ठरत आली की वॉर्डाबाहेर कुणीतरी गाठतं, रिपोर्ट चाळतं आणि सांगतं, “नसा अजून जिवंत आहेत, पण तीन महिन्यांच्या आत सुरू करायला हवं.” पुड्या-काढ्यांचा कोर्स नव्वद दिवसांचा, पैसे आधी.

सगळी मेख त्या नव्वद दिवसांत आहे. मेंदूतली सूज ओसरते, शाबूत भाग गेलेल्या भागाची काही कामं उचलतात, आणि म्हणून बहुतेकांची सर्वांत वेगवान सुधारणा याच काळात होते. पुढेही होते, पण सावकाश. पाय उचलू लागला की श्रेय पुडीला. हात तसाच राहिला तर “तुम्ही उशिरा आलात” हे उत्तर तयार असतं.

‘आधी आणि नंतर’चे व्हिडिओ नीट बघा. वाकड्या तोंडाचा माणूस महिन्याभरात हसतो, त्यात बरेचदा लकवा मेंदूचा नसतोच. भुवया वर करताना त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नसतील आणि डोळाही पुरता मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याची नस सुजलेली आहे. ती बहुतेकांची आपोआप बरी होते. स्ट्रोकमध्ये सहसा कपाळ वाचतं.

पैसे गेले तर गेले, खरा धोका “त्या गोळ्या बंद करा, उष्ण पडतात” या वाक्यात आहे. गुठळीमुळे झालेल्या स्ट्रोकनंतर अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असते ती दुसरा झटका टाळायला. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे अ‍ॅपिक्सॅबॅनसारखी गोळी चालू असेल, तर तिचं संरक्षण दोनेक दिवसांतच संपतं. वर पुडीत छुपं स्टेरॉइड असू शकतं. भूक लागते, तरतरी येते, घरचे खूश. आणि तिकडे साखर व रक्तदाब चढत असतात.

काढा पाजण्यात वेगळीच गफलत होते. गिळण्याची तपासणी झाली नसेल तर पातळ पदार्थ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. ठसका लागेलच असं नाही, कधी नुसता आवाज ओलसर, घोगरा होतो. नाकातली अन्नाची नळी “आमच्या औषधाने सुटेल” म्हणून कुणी काढायला निघालं तर तिथेच थांबवा.

घरी येणारा ‘प्रशिक्षित’ अटेंडंट पारखायला एक सोपी परीक्षा आहे: पलंगावरून खुर्चीत बसवून दाखवायला सांगा, आधी घरच्याच धडधाकट माणसाला. जाणकार माणूस खुर्ची सहसा चांगल्या बाजूला लावतो, ब्रेक लावतो, पावलं जमिनीवर टेकवतो आणि कमरेच्या पट्ट्याला धरून पुढे झुकवत उठवतो. लकव्याचा हात किंवा काख धरून ओढणाऱ्याला परत पाठवा. तो खांदा आधीच सैल असतो, ओढल्याने निखळतो किंवा कायमचा दुखरा होतो.

फिजिओथेरपीच्या नावाखाली करंटचे पॅड चिकटवून रुग्णाला नुसतं झोपवून ठेवणं हेही ग्राहक टिकवण्याचंच तंत्र. करंटचा उपयोग होतो, पण व्यायामाला जोड म्हणून. हात सुधारतो तो पेला उचलणं, बटण लावणं असली कामं शेकडो वेळा केल्याने. कोर्स घ्यायचाच असेल तर पहिल्या दिवशी बार्थेल गुणांकन, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याचे गुण, लिहून मागा. जेवणं, कपडे, संडास, चालणं धरून दहा बाबी, एकूण १०० गुण. दर पंधरवड्याला तेच पुन्हा, आणि पैसेही तेवढ्याच टप्प्यांत. हमखासवाले बहुतेक इथेच गळतात.

गोळ्या आधीच बंद झाल्या असतील तर राहिलेले डोस एकदम देऊ नका. कधीपासून बंद आहेत आणि पोटात काय गेलं, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. पुडी फेकू नका, सोबत न्या. बोलणं बोबडं झालं, तोंड वाकडं झालं किंवा हात पडला, तर रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून थेट इमर्जन्सी गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं.