क्रोम झाकणारे रबर: पिकअप ट्रकच्या ट्रिमवर आणि चाकांवर सोलता येणारे कोटिंग

पिकअप ट्रकच्या ग्रिलवर, बंपरवर आणि चाकांवर कंपनीने दिलेला क्रोमचा लखलखाट ज्यांना खुपतो, त्यांच्यापुढे एरवी मोजकेच पर्याय असतात. भाग बदलून घेणे खर्चिक पडते. पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भाजून बसवलेला थर) किंवा साधा रंग एकदा चढवला की मूळ रूपाकडे परत जाणे कठीण होते. स्प्रेच्या डब्यातून मारायचे आणि नको झाल्यावर सोलून काढायचे रबर कोटिंग या दोन्ही अडचणींतून वाट काढते. ग्रिल, बॅज, आरशांची कव्हरे, मागच्या बंपरवरील पट्टी आणि चारही अलॉय चाके मॅट काळ्या रंगात बदलून, पुरेसा काळ वापरून आणि काही भाग पुन्हा सोलून पाहिल्यानंतर हे लिहीत आहे. माझे मत अनुकूल आहे, पण ते सर्व भागांसाठी सारखे नाही.

या प्रकारातले सर्वांत परिचित नाव म्हणजे प्लास्टी डिप. हे द्रव्य मुळात पक्कड, पाने अशा हत्यारांच्या मुठी त्यात बुडवून त्यांवर घट्ट पकडीचे आवरण चढवण्यासाठी होते. गाड्यांच्या सजावटीत ते नंतर आले. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की त्याचे गुणदोष नीट उलगडतात. रंग पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहावा अशी अपेक्षा असते. हे कोटिंग मात्र सुकल्यावर स्वतःशीच अधिक घट्ट बांधलेला, ताणला जाणारा एकसंध पापुद्रा बनते आणि खालच्या गुळगुळीत पृष्ठभागाला केवळ बिलगून राहते. म्हणूनच रंगकामात करतात तसे येथे सँडपेपर घासून पृष्ठभाग खरखरीत करणे उलट नुकसानीचे ठरते. पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि विशेषतः मेण-पॉलिशच्या अंशांपासून मुक्त असला पाहिजे. साबणाने धुतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतले, तर प्राइमरची गरज पडत नाही.

सारे यश थरांच्या जाडीवर अवलंबून आहे, आणि काटकसर नेमकी तेथेच केली जाते. पहिला थर मुद्दाम विरळ, खालचे क्रोम निम्मे दिसत राहील इतकाच द्यावा. त्यानंतरचे थर ओलसर चमक येईल इतके भरदार, साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतरावरून, हात थांबू न देता द्यावेत. दोन थरांमध्ये सुमारे अर्धा तास जाऊ द्यावा. तिसऱ्या थरानंतर भाग पूर्ण काळा दिसू लागतो आणि काम संपल्यासारखे वाटते, परंतु सोलण्याजोगा पापुद्रा तेव्हा तयार झालेला नसतो. पाच-सहा भरदार थर दिलेले आवरण काढताना एका कडेपासून मोठ्या तुकड्यांत निघून येते. पातळ आवरण नखाएवढ्या कपच्यांत तुटते आणि बोटांची सालटी निघतात. असे पातळ आवरण काढण्याचा सोपा उपाय ऐकायला विचित्र वाटेल: त्यावर आणखी दोन थर मारावेत, पूर्ण सुकू द्यावेत आणि मग सोलावे. नवा थर जुन्याला विरघळवून त्यात मिसळतो आणि दोन्ही मिळून एक जाड पापुद्रा बनतो.

याच गुणामुळे बॅजचे काम आश्चर्यकारकरीत्या सोपे होते. बॅजभोवती नेमकी टेप कापत बसण्याची गरज नाही. तळहाताएवढा मोकळा भाग सोडून बाकीचे झाकावे, बॅज आणि भोवतालचा रंग दोन्हींवर बिनधास्त स्प्रे करावा, आणि सुकल्यावर लाकडी टूथपिकने अक्षरांच्या कडेने रेघ ओढून बाहेरचा भाग उचलून घ्यावा. अक्षरे काळी राहतात, खालचा रंग जसाच्या तसा दिसतो. जेथे टेप लावलीच असेल तेथे ती शेवटचा थर ओला असतानाच काढावी. सुकल्यावर ओढल्यास टेपबरोबर आवरणाची कडही उचलली जाते.

चाकांचे काम जास्त वेळ घेते. ब्रेकच्या पॅडची काळी भुकटी आरांच्या खाचांत इतकी चिवटपणे बसलेली असते की स्प्रेपेक्षा धुण्यातच अधिक श्रम जातात. टायर आणि रिमच्या कडेमध्ये जुनी पत्त्यांची पाने किंवा पुठ्ठ्याचे तुकडे ओळीने खोचले की टायर झाकण्याची वेगळी खटपट उरत नाही. चाक काढून काम करणे केव्हाही चांगले, कारण गाडीवरच स्प्रे केल्यास आरांच्या आतल्या बाजू अर्धवट राहतात आणि ब्रेकच्या डिस्कवर फवारा उडण्याचा धोका असतो. एका बाबतीत मात्र तडजोड नको: नट जेथे बसतात त्या खाचा आणि चाक हबला (गाडीकडील ज्या भागावर ते बसते त्याला) टेकते तो मागचा भाग कोरा राहिला पाहिजे. तेथे मऊ रबराचा थर राहिला तर तो दाबला जाऊन नटांची पकड सैल पडू शकते. चाके बसवल्यावर नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि थोडे अंतर चालवून पुन्हा तपासावेत.

टिकाऊपणाबाबत उत्पादक सुमारे तीन वर्षांचा दाखला देतात. प्लास्टी डिपसाठी सांगितलेली तापमानाची मर्यादा उणे ३४ ते ९३ अंश सेल्सिअस आहे. आडव्या पृष्ठभागांपेक्षा उभ्या ग्रिलवर आवरण अधिक काळ ताजे दिसते. चाकांवर बारीक खडे त्याला विशेष इजा करत नाहीत, उलट लवचीकपणामुळे ते झेलले जातात. पण पदपथाच्या कडेला रिम घासली तर तेवढा भाग फाटतो. हाय प्रेशर पाण्याचा झोत जवळून कडेवर मारल्यानेही तेच होते. दुरुस्ती अवघड नाही, फाटलेली कड कापून त्यावर दोन थर दिले की जोड फारसा दिसत नाही. मॅट पृष्ठभागावर हातांचे तेलकट डाग आणि ब्रेकची भुकटी धरून राहते हा त्रास नित्याचा आहे, आणि चमकवणारे मेण-पॉलिश हा त्यावरचा उपाय नाही, कारण मॅट पृष्ठभागावर त्याने चट्टे उमटतात. पेट्रोल हा या आवरणाचा उघड शत्रू होय. ते सांडले की आवरण मऊ पडून सुरकुतते, त्यामुळे इंधनाच्या झाकणाभोवती हे मारू नये.

हवामानाची आणि आरोग्याची काळजी डब्यावर लिहिलेली असते, तरी लोक ती सहज टाळतात. थंडीत फवारा दाणेदार पडतो. दमट हवेत पांढुरकी झाक येते. द्रव्यात नॅफ्था, टोल्यूइन यांसारखे ज्वलनशील सॉल्व्हंट असतात, म्हणून मोकळी हवा, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क आणि जवळपास ज्योत नसणे या तिन्ही गोष्टी हव्यातच. कापडी मास्क या वाफा अडवत नाही.

हेडलाइट, टेललाइट आणि पार्किंग सेन्सर यांवर हे कोटिंग मारण्याची फॅशन मला समजलेली नाही. प्रकाश कमी करून गाडी देखणी होत नाही. ज्या रंगाचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, आधीच उलत आहे तेथेही ते टाळावे, कारण सोलताना सुटलेले पापुद्रे त्याच्यासह निघून येतात.

निराशा झाली ती चाकांच्या कमानींवरील आणि बंपरच्या खालच्या रंग न दिलेल्या, खरखरीत प्लॅस्टिकवर. सुरुवातीला रंग छान बसतो, पण द्रव्य त्या बारीक खळग्यांत शिरते आणि काढायच्या वेळी पापुद्रा न निघता चुरा निघतो; उरलेले काळे ठिपके सॉल्व्हंटने आणि ब्रशने घासून काढावे लागतात. सोलता येण्याचे वचन गुळगुळीत क्रोम, रंगवलेला पत्रा आणि अलॉय यांच्यापुरते खरे आहे. फिकट पडलेल्या प्लॅस्टिकसाठी त्याचा काळेपणा परत आणणारे ट्रिम रिस्टोरर वापरावे आणि रबराचे डबे चाकांच्या जादा थरांसाठी राखून ठेवावेत.