दोन दिवसांत गुडघा मोकळा करणारा 'अर्क'

बीड, केज, धारूर, वडवणी या भागात ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटली जाते तेव्हा आणि हंगाम संपून कोयते, म्हणजे तोडणी कामगारांच्या जोड्या, गावाकडे परततात तेव्हा, अशा दोन वेळा सांधेदुखीवर 'अर्क' विकणारे भोंदू वैद्य आणि त्यांची माणसं फिरतात. हातात पैसा असतो, कंबर-गुडघे कामातून गेलेले असतात.

सुरुवात वैद्यापासून होत नाहीच. बसस्टँडवर किंवा आठवडी बाजारात लंगडत चालणाऱ्या माणसाला एक अनोळखी, बरे कपडे घातलेला गृहस्थ थांबवतो. "मामा, गुडघा कधीपासून धरलाय? माझे वडील तर खाटेवर होते, आता तुळजापूरला पायी जातात." मग तो एक नंबर देतो. वैद्य दुसऱ्या दिवशी घरी येतो, नाडी बघतो आणि फी घेत नाही. "मला एक रुपया नको, दवा तेवढी भांडारातून आणा." फी न घेणं हीच त्याची खरी कमाई, कारण घरातल्या सगळ्यांचा संशय तिथेच मरतो.

भांडार म्हणजे जडीबुटीचं दुकान. तिथला खेळ असा. चिठ्ठीवर आठ-दहा वनस्पतींची नावं असतात, वजन लिहिलेलं नसतं. भाव तोंडी सांगतात, "साठ रुपये." ऐकणाऱ्याला वाटतं पुडीचे. दुकानदार सगळं एकत्र मिक्सरला लावतो आणि मगच काट्यावर ठेवतो. साठ रुपये ग्रॅमचे होते. ४०० ग्रॅम भरलं की २४,००० रुपये. परत घ्या म्हटलं तर उत्तर तयार असतं, दळलेलं परत होत नाही. म्हणून दळायच्या आधी प्रत्येक वस्तूचं वजन आणि किंमत कागदावर मागा. दुकानदार कां-कूं करायला लागला की तिथून उठा.

पैसे गेले तर निदान जीव शाबूत राहतो. त्या पुडीबरोबर 'गुग्गुळ-अश्वगंधेचा अर्क' म्हणून येणारी तपकिरी बाटली जास्त घातक. एका ऊसतोड बाईच्या घरचं उदाहरण या भागात कुठेही सापडेल असं आहे. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेतले, तिसऱ्या दिवशी कंबर मोकळी. भूक वाढली, चेहरा भरला, शेजारणी म्हणाल्या, "अंग धरलं गं तुझं." दीड-दोन महिन्यांनी बाटल्या संपल्या आणि बाईला उठता येईना. उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. घरच्यांना वाटलं औषध बंद केलं म्हणून जुना आजार उलटला, आणि त्यांनी आणखी बाटल्या मागवल्या.

भरलेला चेहरा ही सूज होती. अशा बाटल्यांत आणि पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, नाहीतर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं अनेकदा मिसळलेली असतात. स्टेरॉइड काही आठवडे बाहेरून मिळालं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं थांबवतं. मग अचानक बंद झालं की रक्तदाब खाली जातो आणि माणूस कोसळतो. घेत राहिलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. वेदनाशामकाने पोटात जखमा होतात, आणि उन्हात पाण्यावाचून राबणाऱ्याच्या मूत्रपिंडावर त्याचा घाव लवकर बसतो.

बाटली ओळखायची एक सोपी खूण आहे. शास्त्रातला अर्क म्हणजे वनस्पती रात्रभर पाण्यात भिजवून, भट्टीवर वाफ करून, ती थंड करून मिळवलेलं पाणी. ते जवळजवळ रंगहीन असतं आणि त्याला वास असतो. वाफेबरोबर फक्त उडणारी तेलं येतात, गुग्गुळाची राळ किंवा अश्वगंधेची कडू द्रव्यं येत नाहीत. तेव्हा 'गुग्गुळ-अश्वगंधेचा गडद अर्क' ही वस्तूच संभवत नाही. काढा म्हणाल तर तो त्याच दिवशी प्यायचा असतो. महिनोन्‌महिने टिकतात ती आसव-अरिष्टं, म्हणजे आंबवलेली. कारखान्याचा बाटलीबंद काढाही टिकतो, पण त्यात टिकाऊपणासाठी काय घातलं ते लेबलवर असतं.

खऱ्या औषधाची चाल सावकाश असते. रास्ना, सुंठ, एरंडमूळ यांची १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आचेवर आटवून ४० मिली, गाळून कोमट. ओढ्याकाठच्या निर्गुडीचा पाला उकळून सांध्याला शेक. अश्वगंधेचं चूर्ण ३ ग्रॅम दुधातून, मात्र गरोदर बाईने आणि थायरॉइडचं औषध चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शल्लकी (सालईचा डिंक), अश्वगंधा यांचा फरक कळायला काही आठवडे जातात. दोन दिवसांत उतारा पडला तर आनंद मानू नका, शंका घ्या.

लेबलवर 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण हवंच. आयुर्वेदिक औषधं नुसती विकायला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे दुकानात टांगलेल्या परवान्याच्या फ्रेमला काही अर्थ नाही. नोंदणीकृत वैद्याला स्वतःच्या रुग्णासाठी औषध करून देता येतं, म्हणून "मी स्वतः बनवतो" म्हणणाऱ्याला महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक विचारा. 'संधिवात मुळापासून बरा' अशी जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानेच बंद आहे.

बाटली आधीच चालू असेल तर रागाच्या भरात फेकू नका आणि एकदम बंदही करू नका. उरलेलं औषध, पुडी, चिठ्ठी, सगळं घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि "यात स्टेरॉइड असावं, किती दिवस घेतलं ते असं" हे स्वतःहून सांगा. साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. उलट्या-चक्कर सुरू झाली असेल तर १०८ ला फोन करा. आयुर्वेदिक उपचारच हवे असतील तर नांदेड आणि धाराशिव इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. पोच घ्या, आणि एक सीलबंद बाटली न फोडता त्यांच्यासाठी ठेवा. फोडलेल्या बाटलीत तुम्हीच काही घातलं असं विकणारा म्हणू शकतो.